घुशीची खानावळ

आई, काल भरदुपारी मुलुंडला एका चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन धडधाकट माणसं टेबलावर हात आपटत तुझं नाव घेऊन ओरडत होती, "मार उडी! अगं, मार उडी!" इतकी ओरडत होती की खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून वर आले आणि दारातूनच विचारायला लागले, "कोण उडी मारतंय? पोलिसांना बोलावू का?" त्यांना आत घेतलं, बसवलं, सरबत दिलं, कोणी उडी मारत नाहीये, खेळ चाललाय, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. ते काही गेले नाहीत. म्हणाले, आता मारते की नाही ते बघूनच जातो. तर ती उडी तू मारलीस की नाही, हे मला तुला सांगायचंय, आणि इतकं सांगायचंय की कालपासून मला एका जागी बसवत नाहीये. हे पत्र लिहून काही उपयोग नाही हे मला कळतं. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पाठवायचं तर कुठे पाठवायचं. पण घरात कोणाला सांगायला गेलं तर "बरं बरं" म्हणतात आणि परत मोबाइलमध्ये डोकं घालतात. तू निदान मध्येच अडवून शिव्या तरी घातल्या असत्यास.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणशील, चेडू खुळावला, पोरीचं डोकं फिरलं. हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट रचतो, त्याला आम्ही मास्टर म्हणतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात. मास्टर म्हणतो, समोर नदी आहे, पूल मोडलाय, बोला, काय करता? आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. बोराएवढा फासा असतो, वीस बाजूंचा. मोठा आकडा पडला तर झकास, लहान पडला तर वाट लागली. आमचा मास्टर कॉलेजात गणित शिकवतो, घर त्याचंच. माझी ऑफिसातली मैत्रीण तलवारवाली होते. ती मूळची लातूरकडची, राहते गोवंडीला, मालाडच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते आणि मीटिंगमध्ये जे बोलता येत नाही ते रविवारी तलवारीने बोलते. तिसऱ्याचं मुलुंडलाच औषधाचं दुकान आहे, तो दुपारचं शटर ओढून येतो आणि जादूगार होतो. आणि मी माग काढणारी. पावलं ओळखायची, फास लावायचे, जनावराच्या मागे रान तुडवायचं. चाळिशी उलटलेल्या बाईने हे काय चालवलंय, असं तू म्हणणार. म्हण. मला पर्वा नाही, मला भारी मजा येते.

खेळ सुरू झाला तेव्हा मास्टरने विचारलं, तुझ्या या बाईचं नाव काय? मी काहीतरी रानटी, परदेशी वाटेल असं नाव शोधत होते आणि तोंडातून एकदम तुझं निघालं. बाबांनी लग्नात ताटातल्या तांदळात लिहिलेलं नव्हे, तुझं माहेरचं. ते मी फक्त मामाच्या तोंडून ऐकलं होतं. चाळीत तू कोणाची वहिनी होतीस, नाहीतर माझी आई, आणि बाबा तर नुसत्या "अगो" वर भागवायचे. मामा गेल्यावर ते नाव जगात कोणी घेत नव्हतं. आणि आता दर रविवारी ही मंडळी ते बिनदिक्कत, एकेरीत घेतात, तुझ्यावर वैतागतात, तुझी मदत मागतात. मैत्रीण ऑफिसच्या लिफ्टमध्येसुद्धा चार लोकांत विचारते, आता पुढे काय करणार गं ती, आणि तुझं नाव घेते. मी उगाचच न ऐकल्यासारखं करते, म्हणजे ती परत घेते. हे नाव कोणाचं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. फक्त एक भानगड आहे. आमच्या टेबलावर मेलं की मेलं. गोष्टीतल्या प्रत्येक माणसाचा, त्याचं नाव आणि गुण लिहिलेला, एक कागद असतो. गोष्ट संपेपर्यंत जो जगला त्याचा कागद मास्टर जपून ठेवतो, पुढच्या गोष्टीत तो परत येऊ शकतो. जो मेला त्याचा कागद तो उभा फाडतो आणि ते नाव त्या घरात परत घ्यायचं नाही, असा कडक नियम आहे. तलवारवालीची याआधीची माणसं अशीच गेली. आता तुला कळेल, फासा टाकायच्या आधी मी तो इतका वेळ हातात का घोळवत बसते.

यंदाची गोष्ट रानडुकराची. जंगलाला लागून एक गाव आहे, आणि जंगलात बैलाएवढं एक डुक्कर, एक कान फाटलेला. रताळ्याची शेतं उकरून टाकतंय, अंगावर धावून येतंय. गावचा पाटील म्हणतो, जत्रेपर्यंत त्याला घेऊन जा, नाहीतर आम्ही अख्खं जंगल पेटवून देतो. आता जंगलात बाकीची जनावरं आहेत, झाडांच्या आडोशाने राहणारी माणसं आहेत, आणि त्या माणसांना आम्ही शब्द देऊन बसलोय की डुकराला मारणार नाही, जिवंत धरून नदीपलीकडे सोडू. पहिल्या दिवशी मैत्रिणीने नेहमीप्रमाणे तलवार उपसली, "थांबा, मीच बघते त्याच्याकडे." फासा पडला तीन. डुकराने तिला उचलून काट्यात भिरकावली. जादूगाराने जाळं फेकलं, ते त्याच्याच डोक्यावर पडलं. मग मास्टर माझ्याकडे वळला आणि म्हणाला, माग काढायचा तर टाक फासा. एवढंच. या खेळात माग काढणं म्हणजे एक फासा, बरा आकडा पडला की जनावर हजर. आणि मला एकदम राग आला गं. म्हटलं, "असं कसं हजर? ते काय कुरियर आहे? माझ्याकडे पीठ आहे का ते सांग." तो म्हणाला, "कसलं पीठ?" म्हटलं, "कसलंही. रांगोळी असली तर उत्तम."

घाटकोपरची आपली खोली. डोंगराच्या उतारावरची, मागची भिंत अर्धी दगडातच. सकाळी तांदळाच्या डब्यापाशी दाणे सांडलेत आणि पिशवीचा कोपरा कुरतडलेला आहे. दुसऱ्यांच्या घरी असं झालं की बायका पलंगावर चढतात. तू उकिडवी बसतेस आणि जमिनीशी डोकं नेऊन बघतेस. संध्याकाळी स्वयंपाक आटपला की तू चाळण घेतेस आणि मोरीपासून ओट्यापर्यंत पांढरी रांगोळी भुरभुरवतेस, इतकी पातळ की तिरकं बघितल्याशिवाय दिसू नये. मला बजावतेस, "हयसर पाय टाकलंस तर बघ." सकाळी तिथे पावलं उमटलेली असतात आणि तू ती बोट न लावता मला दाखवतेस, पुढचे पंजे, मागचे पंजे, मधून शेपटी ओढत गेल्याची रेघ. "ह्यो उंदीर न्हय गो. घूस असा. भिंतीक धरून चलता बघ, मधी येणा नाय." एका जागी पावलं गोल फिरलेली आहेत. तिथे थांबून तिने वास घेतला, असं तू अशा थाटात सांगतेस की जणू तू तेव्हा तिच्या शेजारीच बसली होतीस. शाळेची वेळ होऊन गेलेली असते, खाली मैत्रिणी हाका मारत असतात, आणि मी रिबिनी हातात घेऊन त्या पावलांवर वाकलेली असते. इतकी मजा मला त्यानंतर कशात आली असेल तर ती या खेळातच.

मास्टर म्हणाला, ठीक आहे, पीठ आहे, सांग. आणि मी सांगत सुटले. पीठ पसरलं. डुक्कर कुठून येतं, कोणत्या झाडाला अंग घासतं, कुठे थबकतं, सगळं कळलं. मग म्हटलं, आता जाड लाकडांचा कोंडवाडा बांधू, वर उचलायचं दार ठेवू. जादूगार खूश झाला. "मस्त! आलं की दार पाडायचं." मी म्हटलं, पाडायचं नाही. दार वर बांधून ठेवायचं, आत रताळी टाकायची आणि घरी जायचं. "आणि मग?" म्हटलं, मग काही नाही, उद्या परत टाकायची. तुझा पिंजरा आठवतो? बाबांनी गिरणीतल्या ओळखीच्या फिटरकडून बनवून घेतलेला, मांजरही मावेल असा. तू तो साबणाने कधी धुतला नाहीस, मोरीतल्या गाळाने घासायचीस, माणसाचा वास राहू नये म्हणून. दार सुतळीने वर बांधायचीस, आत भाकरीचा तुकडा, त्यावर सुकटीच्या फोडणीतलं तेल. आधी घूस फिरकलीच नाही. मग दारापर्यंत येऊन गेली. मग अर्धी आत. मी रोज तुझ्या मागे लागायचे, आज लाव ना गं, आज लाव. "आज लावूचो नाय पिंजरो. खाऊंदे तिका. तुका घाई कित्याक?" शेजारचे काका कामावर जाताना डोकावून म्हणायचे, "काय वहिनी, घुशीची खानावळ कशी काय चाललीय?" आणि तू आतून म्हणायचीस, "बरी चलता. तुमी पण येवा, ताट वाढतंय."

तर तीच खानावळ मी मुलुंडला काढली. आमचा होता नव्हता तो शिधा डुकराला. मैत्रिणीची भाकर गेली, जादूगाराचा गूळ गेला. तो म्हणाला, "अरे यार, आपण शिकारी आहोत का टिफिन सर्व्हिस?" एकामागून एक रविवार खेळात काही घडतच नव्हतं, फक्त एक डुक्कर येऊन जेवून जात होतं. आणि तरी कोणी कंटाळलं नाही! सगळे श्वास रोखून बसायचे. आज नाक आत घातलं, आज पुढचे पाय, आज पाठीमागे न बघता सरळ आत शिरलं. मैत्रीण मला बुधवारी ऑफिसात म्हणाली की तिला भाजी घेताना रताळी दिसली आणि उगाचच बरं वाटलं.

काल जत्रेची आदली रात्र होती, म्हणजे खेळातली, बाहेर टळटळीत दुपार. दार पाडायची वेळ आली. तू दोर धरून कोंडवाड्यावरच्या फांदीवर बसलेली. मास्टर कुजबुजत्या आवाजात सांगत होता. डुक्कर आलं. थांबलं. नाक आत, खांदे आत, शेपूट आत. खायला लागल्याचा आवाज. मी दोर सोडला, फासा टाकला. दहा हवे होते, चार पडले. दार अर्ध्यात अडकलं, डुक्कर दचकून मागे वळलं. मास्टर म्हणाला, "एक क्षण आहे तुझ्याकडे. फांदीवरून दारावर उडी मारलीस तर तुझ्या वजनाने दार बसेल. पण तू आत पडशील, त्याच्यासोबत. मग वाचायला पंधराच्या वर लागतील. बोल." आणि इथेच, आई, ती दोघं ओरडायला लागली आणि आजोबा वर आले. मैत्रीण तर खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती. उडी मारली तर डुक्कर सापडतं, जंगल वाचतं, आणि तुझा कागद बहुतेक फाटतो. नाही मारली तर तू वाचतेस आणि जंगल जळतं. खरं म्हणजे या खेळात उडी मारणाऱ्याच्याच गोष्टी पुढे वर्षानुवर्षं सांगतात. मी "मारते" म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

आणि मला आपली मोरी दिसली. तू अखेर पिंजरा लावलास त्याची दुसरी सकाळ. खट्ट झालं आणि मी अंथरुणातून उडालेच. स्प्रिंग गंजलेली, दार अर्ध्यात अडकलेलं, आणि घूस त्या फटीतून पोट ओढत बाहेर येतेय. मी हाताला लागला तो पोळपाट घेऊन झेप घेतली. तू मागून माझी वेणी धरून अशी ओढलीस की डोळ्यांतून पाणी आलं. घूस गेली. मी रडले, पाय आपटले, इतके दिवस खाऊ घातलं ते सगळं फुकट गेलं, आता ती कशाला परत येतेय, असं काय काय बोलले. तू पोळपाट काढून घेतलास, जागेवर ठेवलास. "आरडतंस कित्याक? हाताक चावली असती म्हणजे? जाऊंदे तिका. येतली. भूक काय एका दिसाची असता?" आणि स्प्रिंगला खोबरेल लावून दार परत सुतळीने वर बांधलंस, जणू काही झालंच नाही. मी तुझ्यावर दुपारपर्यंत रागावून बसले होते. वेणी चांगलीच दुखत होती.

मी फासा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "नाही मारत. जाऊ दे त्याला." मास्टर म्हणाला, म्हणजे? म्हटलं, "म्हणजे ती फांदीवरच बसून राहते. डुक्कर निघून जातं. मग ती खाली उतरते, दाराच्या खाचेत तेल सोडते, दार परत वर बांधते आणि झोपायला जाते." मैत्रीण उभीच राहिली. "वेडी आहेस का तू? झोपायला जाते? उद्या पेटवतायत ना जंगल! सगळ्यांची वाट लावलीस." जादूगाराने कपाळाला हात लावला. आजोबा म्हणाले, "बरोबर केलं. अंधारात उडी मारायची नसते." मैत्रिणीने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी गपचूप ग्लास तोंडाला लावला. तुझा जीव मी वाचवला होता, पण बदल्यात जंगल घालवून बसले होते, आणि माझे कान तापले होते. मास्टर पाटील झाला, मांडी ठोकून म्हणाला, "झालं का तुमचं? पेटवू मशाली?" पाटलाला पटवायचा फासा टाकता आला असता, पण अठराच्या वर हवे होते. मी म्हटलं, फासा नको, मी बोलते त्याच्याशी.

कारण हेही तू करून ठेवलं होतंस. घूस निसटली त्याच सकाळी चाळीने ठरवलं, आता औषध घालायचं. औषधाने भिंतीत कुठेतरी मरून पडली असती, वास सुटला असता, आणि गॅलरीत सगळ्यांची रांगती पोरं. तू पदर खोचून गॅलरीत आलीस. मला वाटलं, आता जुंपणार. तू भांडली नाहीस. म्हणालीस, एक दिवस थांबा, आणि आज संध्याकाळी पिंजऱ्यात माझ्या घरचं काही नको, प्रत्येकाने आपल्या घरातला घास आणून घाला. लोक हसले, पण घास आले. कोणाचं थालीपीठ, कोणाची इडली, काकांच्या घरची चिंबोरीची नांगी. दार त्या दिवशी वर बांधलेलंच होतं. सकाळी दात घासायच्या आधी सगळी चाळ आपल्या दारात. कोणाचं खाल्लं? थालीपीठ फस्त, नांगीसुद्धा गायब, आणि समोरच्या वहिनींच्या चपातीला तिने तोंड लावलेलं नाही. काय पडला होता गं त्यांचा चेहरा! संध्याकाळी त्यांनी साजूक तूप चोपडून दुसरी चपाती पाठवली. औषधाचं नाव परत कोणी काढलं नाही. त्या संध्याकाळी तू पिंजरा लावलास, आणि घूस आपल्याच चपातीपायी सापडली हे त्या वहिनी येईल त्याला सांगत होत्या.

मी पाटलाला म्हटलं, "एक रात्र द्या. आणि आज कोंडवाड्यात आम्ही काही टाकणार नाही. गावातल्या प्रत्येक घराने आपल्या हाताने एक मूठ टाकायची. तुमच्याही घरातली एक." मास्टरने पेन्सिल कानात घालून जरा फिरवली. मग पाटलाच्या आवाजात हळूच म्हणाला, "आमच्या घरचे हरभरे लई गोड असत्यात." मी मनात म्हटलं, सापडलास!

दुसरी रात्र. सगळा गाव काळोखात झुडपांमागे बसलेला, कोणाचं काय खातंय ते बघायला. दोर आता दहा-बारा गावकऱ्यांनी मिळून धरलेला आणि तू त्यांच्या पुढे, जमिनीवर. मास्टरने बजावलं, या वेळी फांदी नाही, दार नाही बसलं तर डुक्कर पहिलं तुझ्यावर येणार. तेल घातलंय, माणसं आहेत, म्हणून आठ पुरेत. आठसुद्धा किती मोठा आकडा असतो, आई, हे मला काल कळलं. डुक्कर आलं, पाटलाचे हरभरे कुरुमकुरुम खायला लागलं, आजोबा खुर्ची ओढून टेबलाला चिकटले, मी फासा टाकला. तो घरंगळत गेला, सरबताच्या ग्लासाला आपटला, परत फिरला. नऊ. नऊ! वीस नाही, पंधरा नाही, जेमतेम नऊ. दार धाडकन बसलं आणि सगळी पुन्हा तुझं नाव घेऊन ओरडली, आजोबाही. मैत्रिणीने मला मिठी मारली ती मान मोडेपर्यंत.

पण काम संपलं नव्हतं, त्याला नदीपार न्यायचं होतं. बैलगाडीवर कोंडवाडा चढवला, वरून चादरी टाकल्या. पुलावर पहारेकरी. मास्टरने दरडावून विचारलं, "काय आहे गाडीत?" आत डुक्कर गुरगुरतंय. मी पापणीही न लववता म्हटलं, "हार्मोनियम." टेबल हसून हसून आडवं झालं. त्यांना वाटलं मला सुचलं. त्यांना कुठून माहीत असणार की तू घुशीचा पिंजरा जुन्या परकरात गुंडाळून, मांडीवर घेऊन बसमध्ये बसली होतीस, मिठागराकडे जायला! पोटुशी होती म्हणून तिला बादलीत बुडवायची नाही, हे तू ठरवून टाकलं होतंस आणि कोणाला विचारलं नव्हतंस. कंडक्टरने विचारलं, काय आहे, आणि तू म्हणालीस, हार्मोनियम. आतून खरवडल्याचा आवाज आला तेव्हा वर म्हणालीस, स्वर जरा बिघडलाय, दुरुस्तीला नेतोय. मी खिडकीबाहेर तोंड काढून हसत होते आणि तू मला चिमटे काढत होतीस. मिठागरापाशी पिंजऱ्याचं दार उघडलं तर ती बाहेरच येईना. खाऊन खाऊन सुस्तावली होती. तू पिंजऱ्याच्या पत्र्यावर टिचक्या मारत तिला शिव्या घातल्यास तेव्हा कुठे गेली.

पहारेकऱ्याचा फासा चांगला पडला. डुक्कर नदीपार गेलं. संध्याकाळ होत आली होती, मास्टरच्या बायकोने पोहे केले होते, आणि आता गोष्ट संपली होती. मास्टरची एक पद्धत आहे, गोष्ट संपली की ज्याने त्याने आपल्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगायचं. तलवारवालीने गावात पोरींसाठी तालीम काढली. जादूगाराने, अर्थातच, औषधाचं दुकान. मग मास्टर पेन्सिल घेऊन माझ्याकडे वळला आणि तुझं नाव घेऊन म्हणाला, "आणि हिचं पुढे काय झालं?"

डुकराच्या तावडीतून तुला सोडवून आणायचं, इथपर्यंतच माझी उडी होती. त्यापुढचं मी ठरवलंच नव्हतं. पुढची तू कशी असतेस ते मला कुठे बघायला मिळालं? तू गेलीस तेव्हा पन्नाशीलाही टेकली नव्हतीस. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ती म्हातारी होते." मैत्रीण म्हणाली, "बस? एवढंच?" मी म्हटलं, थांब ना, सांगते. आणि मग जी सुटले ती सुटलेच, आई, डुकरामागेसुद्धा इतकी सुटले नव्हते. तिचे केस पांढरे होतात. गुडघे धरतात, ती ते कबूल करत नाही. रांधायचं तिने कधीच सोडलंय, गाव पाळीपाळीने ताट आणून देतं आणि ती प्रत्येकात खोड काढते. उन्हात पाय पसरून बसते, वाटेने जाणाऱ्याला हाक मारून थांबवते, त्याच्या चपलांकडे बघून तो कुठून आला ते सांगते. गावातल्या पोरींना पावलं ओळखायला शिकवते, चुकल्या की वेणी ओढते. दुपारी पाहिजे तेवढी झोपते. कोणी उठवत नाही तिला. दात जातात तरी हरभरे सोडत नाही, भिजवून खाते. साठीची होते, सत्तरीची होते, ऐंशीची होते. मास्टर म्हणाला, "ऐंशी? अगं, या जगात माणसं इतकी जगतच नाहीत." मी म्हटलं, ही जगते. आजोबा म्हणाले, "लिही रे. ऐंशी काही जास्त नाहीत." त्याने लिहिलं. मग विचारलं, आणि शेवट? म्हटलं, शेवट मी सांगणार नाही. त्याने पेन्सिल खाली ठेवली. मैत्रिणीने माझ्या बशीत तिच्यातले थोडे पोहे घातले.

हे कुठे जाणार नाही म्हणून एक सांगून टाकते. टेबलावर मी इतकं सगळं धडाधड सांगत होते, पण ऐंशी वर्षांची तू काही केल्या मला दिसत नव्हतीस. केस पांढरे केले, पाठ वाकवली, हातात काठी दिली, तरी चेहरा पिंजऱ्यापाशी वाकलेल्या तरण्या बाईचाच राहायचा. तुझ्या सुरकुत्या कुठून कुठे गेल्या असत्या, मला खरंच माहीत नाही. शेवटी मी तिला माझा चेहरा लावला.